लुथरन शाळेत आयुष्यभर शिकवलेल्या सासूबाईंवर स्मरणलेख कसा लिहावा?

मूळ प्रश्न

माझ्या सासूबाईंचे गेल्या महिन्यात दीर्घ आजारानंतर निधन झाले. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात, मिसूरी सिनड या लुथरन (मार्टिन लूथरच्या शिकवणीवर चालणाऱ्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती) पंथसंस्थेच्या शाळांमध्ये त्यांनी आयुष्यातील बहुतेक वर्षे शिकवले आणि त्याच वर्षांत चार मुले वाढवली. त्यांतील सर्वांत धाकटे म्हणजे माझे पती. माझ्या माहेरच्या माणसांना त्या फक्त लग्नातल्या छायाचित्रांवरून ठाऊक आहेत. त्यांच्यासाठी, आणि ज्यांना मी घरी मराठी वाचायला शिकवते आहे त्या माझ्या मुलांसाठी, सासूबाईंवर एक मराठी स्मरणलेख लिहावा असे माझ्या मनात आहे.

त्यांचा जन्म शेतकरी कुटुंबातला. मक्याच्या शेतांमधल्या एका लहानशा मंडळीच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, शाळेत त्या शिकल्या. पुढे सीवर्ड येथील कॉनकॉर्डिया महाविद्यालयात त्यांनी शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले, परंतु शिक्षकांची चणचण असल्यामुळे पदवी पूर्ण होण्याआधीच त्यांना एका खेड्यातील शाळेत पाठवण्यात आले, आणि राहिलेले शिक्षण त्यांनी उन्हाळ्याच्या सुट्ट्यांमध्ये पुरे केले. एका खोलीत पहिली ते चौथीचे वर्ग, रविवारी उपासनेत ऑर्गन वाजवणे, नाताळच्या आदल्या संध्याकाळी मुलांकडून लूकच्या शुभवर्तमानातील ख्रिस्तजन्माची कथा तोंडपाठ म्हणवून घेणे, हे सगळे त्यांच्याकडेच असे. पहिले मूल झाल्यावर त्यांनी काही वर्षे शाळा सोडली आणि धाकटा शाळेत जाऊ लागल्यावर त्या परत गेल्या. घरातील दोन मुले पुढे त्यांच्याच वर्गात आली. शाळेत त्यांनी आईला ‘आई’ म्हणायचे नाही, इतर मुलांप्रमाणे ‘मिसेस’ लावून आडनावानेच हाक मारायची, असा त्यांचा नियम होता.

लिहायला बसले की अडचणी उभ्या राहतात. अंत्यविधीच्या उपासनेत कुटुंबीयांनी भाषणे करू नयेत असे पाळकांनी नम्रपणे पण ठामपणे सांगितले, त्यामुळे त्यांच्याविषयी मोकळेपणाने बोललेले असे माझ्या हाती काहीच नाही. इंग्रजी निधनवृत्तात जन्म, बाप्तिस्मा, दृढीकरण (बाप्तिस्म्यातील श्रद्धा कळत्या वयात स्वतः जाहीर करण्याचा विधी) आणि विवाह यांच्या तारखा व त्या त्या मंडळीची नावे आहेत, आणि त्यापलीकडे फार थोडे आहे. दुसरीकडे, मराठीत लिहू लागले की लेखणीतून वात्सल्यमूर्ती, सेवाव्रती, ऋषितुल्य अशीच विशेषणे उतरतात. नणंदबाईंचे म्हणणे असे की आई कडक होती, कधी कधी अन्याय वाटावा इतकी कडक होती, आणि ते लपवून लिहिलेला लेख आईचा होणारच नाही. शिवाय माझे बहुतेक वाचक ख्रिस्ती नाहीत. सासूबाईंच्या श्रद्धेविषयी किती लिहावे म्हणजे त्यांना परके वाटणार नाही? घरात त्यांच्या आजोबांचे, धर्मशिक्षणाच्या प्रश्नोत्तरीचे एक जर्मन पुस्तकही आहे. त्याचा उल्लेख करावा की तो विषयांतर ठरेल? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपल्या दुःखात सहभागी आहे. मी लुथरन मंडळीत वाढलो असल्याने उपासनेविषयी आधी लिहितो, कारण आपल्या लेखाचा गाभा तिथेच सापडेल असे मला वाटते.

पाळकांनी भाषणांना नकार दिला यात आपल्या सासूबाईंविषयी अनादर मुळीच नाही. मिसूरी सिनडच्या अनेक मंडळ्यांमध्ये अंत्यविधी ही देवाची उपासना मानली जाते. तिथे मृत व्यक्तीच्या गुणांची बेरीज मांडायची नसते, ज्या आशेवर ती व्यक्ती जगली ती आशा पुन्हा उच्चारायची असते. शवपेटीवर घातलेले पांढरे वस्त्र आपण पाहिले असेल. बाप्तिस्म्यात माणसाने ख्रिस्ताला पांघरले याची ती खूण असते, आणि त्या वस्त्राखाली पेटी भारी लाकडाची आहे की साधी, हे कोणाला दिसत नाही. कुटुंबाच्या आठवणींना जागा नाही असे मात्र नाही. त्या उपासनेनंतर एकत्र जेवताना किंवा लेखी स्वरूपात सांगितल्या जातात. म्हणजे आपण जे लिहू इच्छिता त्याची जागा मोकळीच आहे.

निधनवृत्तातील तारखा कोरड्या समजून गाळू नका, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. आपल्याकडच्या निधनवृत्तात जन्म आणि मृत्यू यांच्या मध्ये पदे, संस्था आणि पुरस्कार येतात. तिथे बाप्तिस्मा आणि दृढीकरण येते, कारण माणसाचे आयुष्य कोणत्या टप्प्यांनी मोजायचे याविषयीची त्या समाजाची समजूतच तशी आहे. दृढीकरण साधारण आठवीच्या वयात होते. त्याआधी मूल मार्टिन लूथरने १५२९ साली लिहिलेली लघु प्रश्नोत्तरी पाठ करते: दहा आज्ञा, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा, पापकबुली आणि प्रभुभोजन. प्रत्येक वाक्यापुढे ‘याचा अर्थ काय?’ असा प्रश्न येतो आणि मूल त्याचे उत्तर देते. आपल्या सासूबाईंनी हे उत्तर आधी विद्यार्थिनी म्हणून दिले, नंतर शिक्षिका म्हणून किती पिढ्यांकडून ऐकले असेल, आणि घरी जेवणाच्या मेजावर स्वतःच्या मुलांकडूनही ऐकले असेल. अमेरिकेतील लुथरन मंडळ्यांमध्ये दृढीकरणाच्या दिवशी प्रत्येक मुलाला पवित्र शास्त्रातील एक वचन देण्याची चाल आहे, आणि पुष्कळदा त्याच वचनावर त्या व्यक्तीच्या अंत्यविधीचे प्रवचन केले जाते. त्यांचे वचन कोणते होते ते जरूर शोधून काढा. प्रवचनाची प्रत पाळकांकडे असेल.

आता नणंदबाईंच्या म्हणण्याविषयी. लुथरन परंपरेत दिवंगतांचे स्मरण कसे करावे यावर विचार झालेला आहे. १५३० साली लुथरन पक्षाने जर्मनीतील आउग्सबर्ग येथे सादर केलेल्या विश्वासांगीकारावर (आपल्या श्रद्धेच्या जाहीर निवेदनावर) आक्षेप घेतले गेले, तेव्हा लूथरचे सहकारी फिलिप मेलांख्थोन यांनी त्याचे समर्थन लिहिले. १५३१ सालच्या त्या ग्रंथाच्या २१व्या कलमात, संतांचा सन्मान तीन प्रकारांनी करावा असे सांगितले आहे. त्यांच्या रूपाने देवाने जे दिले त्याबद्दल आभार मानावेत, त्यांच्या चरित्रातून आपला विश्वास बळकट करून घ्यावा, आणि मग आपापल्या पाचारणानुसार (देवाने सोपवलेल्या कामानुसार) त्यांच्या श्रद्धेचे व गुणांचे अनुकरण करावे. यांतील दुसऱ्या प्रकारासाठी दिलेले उदाहरण येशूचा शिष्य पेत्र याचे आहे, आणि तेही त्याच्या पराक्रमाचे नाही, तर येशूला नाकारल्यानंतर त्याला मिळालेल्या क्षमेचे. म्हणजे उणीव लपवली तर स्मरणाचा हा भाग लिहिताच येत नाही. नणंदबाईंनी जे सुचवले आहे ते आपल्या सासूबाईंच्याच परंपरेला धरून आहे.

आणखी एक बाब. लुथरन शाळेत शिक्षकाची नेमणूक पुष्कळदा पाचारणाने होते. मंडळी सभेत ठराव करून पाचारणपत्र पाठवते, शिक्षक प्रार्थनापूर्वक विचार करून ते स्वीकारतो किंवा परत करतो, आणि स्वीकारल्यास रविवारच्या उपासनेत सर्वांसमोर त्याची स्थापना केली जाते. करारावर काम करणारे शिक्षकही त्याच शाळांत असतात. आपल्या सासूबाईंच्या बाबतीत काय होते ते घरातील कागद पाहून ठरवा, कारण पाचारण असेल तर त्यांच्या बदल्या, त्यांचे थांबणे आणि परत जाणे या सगळ्यांचा अर्थ निराळा लागतो.

प्रतिसाद २

मी निवृत्त शिक्षिका आहे. माझी बरीच वर्षे द्विशिक्षकी शाळेत गेली, त्यामुळे एका खोलीत चार इयत्ता हे वाचताच मी थांबले. धर्माविषयी वरच्या प्रतिसादात पुरेसे आले आहे. मला शिकवण्याविषयी सांगायचे आहे.

आपण लिहिले आहे की त्यांनी पहिली ते चौथीला शिकवले. वाचणाऱ्याला यातून काहीच दिसत नाही. बहुवर्ग अध्यापन म्हणजे काय ते दाखवा. एका इयत्तेला वाचन घेत असताना दुसरीला गणिते सोडवायला बसवायची, तिसरीला शुद्धलेखन द्यायचे, चौथीतल्या मुलीला पहिलीतल्या मुलाचे पाठांतर ऐकायला सांगायचे, आणि हे सारे चालू असताना खोलीच्या कोपऱ्यात कोणीतरी गप्प झाले आहे हे कानाने ओळखायचे. यासाठी अंगात दया असून भागत नाही, प्रत्येक दिवस आदल्या रात्री आखावा लागतो. ज्यांना लोक कडक म्हणतात त्या शिक्षिकांपैकी अनेकजणींचा कडकपणा या आखणीतून येतो, कारण आखणी मोडली की चार वर्ग एकदम मोडतात. सर्वच कडकपणाला हे लागू पडते असे मी म्हणत नाही. अन्याय झाला असेल तर तो अन्यायच. परंतु आपण लेखात दोन्ही वेगळे दाखवू शकलात तर नणंदबाईंचेही समाधान होईल.

विशेषणांचा मोह कसा टाळावा, तर माजी विद्यार्थ्यांना ‘बाई कशा होत्या?’ असे विचारू नका. तसे विचारले की ‘फार चांगल्या होत्या’ हेच उत्तर येते. त्यांना विचारा की वर्गात तुमची जागा कुठे होती, चुकल्यावर बाई काय म्हणत, शाळा सुटल्यावर बाई कुठे दिसत. अशा प्रश्नांवर माणसे खरे सांगू लागतात. आणि त्यांची टाचणवही शोधा. शिक्षिका डायरी लिहीत नसेल, पण टाचण लिहितेच, आणि तिचा स्वभाव समासात सापडतो.

मूळ प्रश्नकर्तीचे उत्तर

दोन्ही प्रतिसादांबद्दल मनःपूर्वक आभार. टाचणवह्या सापडल्या. तळघरातील एका खोक्यात त्या वर्षांप्रमाणे लावून ठेवलेल्या होत्या.

समासांविषयी आपण लिहिले ते अक्षरशः खरे ठरले. एका पानावर एका मुलाच्या नावापुढे पेन्सिलीने लिहिले आहे: ‘वडील रुग्णालयात. या आठवड्यात पाठांतर विचारू नये.’ त्याच पानाच्या खाली धाकट्याचे बूट, मोठीची दातांच्या डॉक्टरांकडची वेळ आणि रविवारच्या गीतांचे क्रमांक आहेत. घर आणि शाळा यांच्यासाठी त्यांनी वेगळ्या वह्या कधी ठेवल्याच नाहीत असे दिसते. दृढीकरणाचे वचनही मिळाले: यशया ४३:१. भिऊ नकोस, मी तुला तुझ्या नावाने हाक मारली आहे, तू माझी आहेस, अशा आशयाचे ते वचन आहे, आणि प्रवचन त्यावरच होते.

कागदांमध्ये पाचारणपत्रही निघाले, पण त्यातून एक नवा प्रश्न उभा राहिला. शहरातील एका मोठ्या शाळेने त्यांना पाचारण दिले होते. वेतन अधिक, एका खोलीत एकच इयत्ता. ते त्यांनी परत केले. त्या वर्षी माझे पती लहान होते आणि सतत आजारी असत. मोठ्या दिरांचे म्हणणे असे की आईने मुलासाठी केलेला हा त्याग लेखाच्या मध्यभागी यायला हवा. परंतु उत्तराच्या मसुद्यात त्यांनी त्यागाचा सूर कुठेही लावलेला नाही. त्यांनी फक्त एवढेच लिहिले आहे की सध्या ज्या कामासाठी मला ठेवले आहे ते इथे पुरे झालेले नाही. हे कसे मांडावे?

प्रतिसाद ३

हा मसुदा जसा आहे तसाच छापावा आणि त्यागाचा उल्लेख करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मी धर्मशास्त्राचा अभ्यासक आहे, त्यामुळे कारण थोडे विस्ताराने देतो.

आईपण आणि शिक्षकी पेशा ही एकमेकांशी स्पर्धा करणारी दोन कामे आहेत, एकाला दिलेला वेळ दुसऱ्यातून कापला जातो, आणि म्हणून एक निवडणारी स्त्री दुसऱ्याचा त्याग करते, ही मांडणी आज आपल्या सर्वांच्या अंगवळणी पडली आहे. आपल्या सासूबाई ज्या शिकवणीत वाढल्या तिची मांडणी अशी नाही. लूथरने १५२९ सालीच लिहिलेल्या मोठ्या प्रश्नोत्तरीत, आईबापांचा मान राख या आज्ञेच्या विवरणात, इतर सर्व अधिकार आईबापांच्या अधिकारातून निघतात असे म्हटले आहे. जिथे बापाला एकट्याने मुलाला शिकवणे शक्य होत नाही तिथे तो शिक्षकाला बोलावतो, म्हणजे शिक्षक आईबापांच्या वतीने उभा असतो. या दृष्टीने पाहिले तर वर्गात उभ्या असलेल्या आपल्या सासूबाई इतरांच्या मुलांसाठी तेच करत होत्या जे घरी स्वतःच्या मुलांसाठी करत होत्या. घरी असलेली वर्षे ही त्यांच्या कारकिर्दीतील खंड नव्हती, आणि शाळेतील वर्षे ही घराकडे केलेले दुर्लक्ष नव्हते.

लूथरने शिक्षकांविषयी जे लिहिले ते त्या काळाच्या मानाने विलक्षण आहे. १५२४ साली जर्मन नगरांच्या नगरसभांना लिहिलेल्या पत्रात त्याने मुलांसाठी आणि मुलींसाठीही शाळा काढण्याची मागणी केली. १५३० साली, मुलांना शाळेत ठेवण्याविषयी लिहिलेल्या प्रवचनात तो म्हणतो की मला उपदेशकाचे काम सोडावे लागले तर शिक्षकाच्या कामाइतके दुसरे कोणतेही काम मला आवडणार नाही, आणि निष्ठेने शिकवणाऱ्याचे मोल कोणत्याही पैशाने फिटत नाही. त्याआधी १५२२ साली विवाहावर लिहिताना, मुलाचे लंगोट धुणाऱ्या बापाला लोक हसत असले तरी देव आपल्या दूतांसह त्याच्याकडे पाहून आनंदतो, असेही त्याने लिहून ठेवले आहे. त्याच्या घरचा अनुभवही या लिखाणाच्या मागेपुढे आहेच. त्याची पत्नी काथारिना फॉन बोरा हिने विटेनबर्ग येथील जुन्या मठात सहा मुले, नातेवाइकांची अनाथ मुले आणि राहायला आलेले विद्यार्थी असे सर्वांचे घर चालवले. त्या सहांपैकी एलिझाबेथ तान्ही असतानाच गेली आणि माग्दालेना १५४२ साली वयाच्या तेराव्या वर्षी गेली. घर आणि शिक्षण एका छताखाली असण्याचे हे चित्र लुथरन कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

म्हणून ‘ज्या कामासाठी मला ठेवले आहे’ या शब्दांत आजारी मूलही आले आणि खेड्यातील चार इयत्ताही आल्या. दोहोंपैकी कोणासाठी थांबल्या हे त्यांनी सांगितले नाही, कारण त्यांच्या दृष्टीने तसा प्रश्नच नव्हता. दीरांचे प्रेम मला समजते. परंतु त्यांनी आईला जे मोठेपण द्यायचे ठरवले आहे ते तिने मागितलेले नव्हते, आणि तिच्या शब्दांतले मोठेपण त्याहून अधिक आहे. फार तर पतींच्या आजाराचा उल्लेख आधीच्या परिच्छेदात साधेपणाने करा. वाचक जोडून घेईल.

प्रतिसाद ४

जर्मन पुस्तकाविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. ते अवश्य घ्या. नेब्रास्कामधील लुथरन शाळेच्या इतिहासात जर्मन भाषेचा प्रश्न मध्यवर्ती आहे, त्यामुळे ते विषयांतर होणार नाही.

मिसूरी सिनडची स्थापना १८४७ साली शिकागो येथे जर्मन स्थलांतरितांनी केली, आणि मंडळी तिथे शाळा हे तिचे धोरण आरंभापासून होते. शिक्षक घडवण्यासाठी १८६४ साली इलिनॉयमधील अ‍ॅडिसन येथे विद्यालय सुरू झाले, आणि १८९४ साली सीवर्डचे, जिथे आपल्या सासूबाई शिकल्या. पहिल्या महायुद्धात जर्मन भाषेविरुद्ध रोष उसळला. १९१९ साली नेब्रास्का राज्याने कायदा करून कोणत्याही शाळेत इंग्रजीखेरीज अन्य भाषेतून शिकवण्यास आणि आठवी उत्तीर्ण होण्याआधी परकी भाषा शिकवण्यास बंदी घातली. हॅम्प्टनजवळील झायन या लुथरन शाळेतील शिक्षक रॉबर्ट मेयर यांनी २५ मे १९२० रोजी एका दहा वर्षांच्या मुलाला बायबलमधील गोष्टींच्या जर्मन पुस्तकातून वाचन शिकवले, आणि त्यासाठी त्यांना २५ डॉलर दंड झाला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दंड कायम केला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ जून १९२३ रोजी सात विरुद्ध दोन मतांनी तो निर्णय फिरवला. त्या निकालात शिक्षकाचा शिकवण्याचा हक्क आणि आपल्या मुलांना शिकवण्यासाठी त्याला नेमण्याचा आईबापांचा हक्क हे एकत्र मांडले आहेत. वरच्या प्रतिसादात शिक्षक आणि आईबाप यांच्या नात्याविषयी जे आले ते इथे चारशे वर्षांनंतर एका न्यायालयाच्या भाषेत दिसते, याचे मला फार अप्रूप वाटते.

आपल्या सासूबाईंचे आजोबा या काळातून गेले असणार. त्यांनी हे पुस्तक कोणाला शिकवले, पुढच्या पिढीने कोणत्या भाषेत प्रार्थना केली, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून पाहा. आणि आपण स्वतः त्याच कुटुंबात आता मुलांना मराठी वाचायला शिकवत आहात, हेही लेखात यावे असे मला वाटते.

प्रतिसाद ५

ख्रिस्ती नसलेल्या मराठी वाचकाला हे परके वाटेल का, या आपल्या शंकेला इतिहासातून एक उत्तर देता येईल. लुथरन शिक्षकाचे स्मरण एका मराठी माणसाने पूर्वी केलेले आहे, आणि तो माणूस म्हणजे तंजावरचे सरफोजीराजे भोसले. लुथरन मिशनरी क्रिश्चन फ्रीडरिश श्वार्ट्‌झ १७५० साली तमिळ किनाऱ्यावरील तरंगंबाडीला आले, पुढे तंजावरला राहिले, आणि बालपणी सरफोजींचे पालकत्व व शिक्षण त्यांनी सांभाळले. श्वार्ट्‌झ १३ फेब्रुवारी १७९८ रोजी वारले. सरफोजींनी लंडनचे शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून त्यांचे संगमरवरी स्मारक करवून तंजावरच्या चर्चमध्ये बसवले. शिल्पात मरणशय्येवरील गुरूला भेटायला आलेले राजे स्वतः आहेत, आणि खाली त्यांनीच रचलेल्या इंग्रजी ओळी आहेत, ज्यांत अनाथांचा पिता आणि विधवांचा आधार असे श्वार्ट्‌झ यांना म्हटले आहे.

सरफोजींनी स्वतःचा धर्म सोडला नाही आणि गुरूचा धर्म झाकलाही नाही. आपणही सासूबाईंच्या श्रद्धेला सौम्य करू नका. बाप्तिस्मा, दृढीकरण, पाचारण, पाळक, मंडळी हे शब्द मराठी ख्रिस्ती समाज रोज वापरतो, ते तसेच ठेवा, आणि जिथे गरज वाटेल तिथे एका वाक्यात प्रसंग समजावून द्या. यशयाचे वचन मात्र इंग्रजीवरून स्वतः करू नका, मराठी पवित्र शास्त्रातून जसेच्या तसे घ्या.

प्रतिसाद २ यांचे पुन्हा उत्तर

समासातील नोंदीविषयी एक सूचना राहिली. ज्या मुलाचे वडील रुग्णालयात होते तो आज प्रौढ असेल आणि त्याचे कुटुंब त्याच परिसरात असेल. शिक्षिकेच्या वहीत जे विश्वासाने लिहिले जाते ते तिच्या पश्चात छापताना त्या मुलाची परवानगी घ्यावी, निदान नाव आणि वर्ष तरी गाळावे. आपल्या सासूबाईंनी ते पेन्सिलीने लिहिले होते, म्हणजे आठवड्यानंतर पुसून टाकायचा त्यांचा विचार असावा.

मूळ प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे ऋण मानते. परवानगीची सूचना फार मोलाची वाटली. मंडळीच्या कार्यालयामार्फत त्या गृहस्थांना पत्र पाठवले आहे. त्यांचे उत्तर येईपर्यंत ते पान लेखाबाहेर राहील, आणि त्यांनी नको म्हटले तर कायमचे राहील.

लेखाची मांडणी आता अशी ठरवली आहे. आरंभ बाप्तिस्मा आणि दृढीकरणाच्या तारखांनी होईल, पण प्रत्येक तारखेला तिचा प्रसंग जोडलेला असेल. त्यानंतर चार इयत्तांच्या खोलीतील एक पूर्ण दिवस, टाचणवहीवरून तासागणिक रचलेला. कडकपणाचा परिच्छेद नणंदबाईंनी स्वतः लिहायचे मान्य केले आहे, कारण त्या आईच्या वर्गात दोन वर्षे बसल्या होत्या आणि तो अनुभव माझा नाही. त्यांनी पाठवलेल्या कच्च्या मजकुरात असे आहे की एकदा दुसऱ्या मुलाची चूक आईने त्यांच्यावर घातली, घरी आल्यावर स्वयंपाकघरात त्यांची क्षमा मागितली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेनंतर सगळ्या वर्गासमोर पुन्हा मागितली. हे मला आजवर कोणी सांगितले नव्हते. पाचारणपत्राचे उत्तर त्यांच्याच शब्दांत येईल. दिरांना ती दोन वाक्ये वाचून दाखवली, तेव्हा त्यांनी त्यागाचा आग्रह सोडला आणि मूळ कागदाची छायाप्रत लेखासोबत द्यावी असे सुचवले. जर्मन पुस्तकाच्या पहिल्या पानावर तीन पिढ्यांची नावे वेगवेगळ्या हस्ताक्षरांत आहेत. ती कोणाची आहेत याची शहानिशा या आठवड्यात मोठ्या मावशींकडून करून घेणार आहे, कारण त्या पिढीतल्या आता त्या एकट्याच उरल्या आहेत.